नल्लकुंट्यात त्या दिवशी बंद नव्हता

अक्का,

परवा तुझ्या घरी मला कुणी ओळखलं नाही. मलकपेठेतल्या त्या दोन खोल्या माणसांनी भरल्या होत्या, चपला पार जिन्यापर्यंत आल्या होत्या. तुझ्या पुतण्याच्या बायकोनं पाण्याचा पेला हातात देत विचारलं, "तुम्ही अक्कांच्या कोण?" मी म्हटलं, "त्यांनी मला कामाला लावलं होतं. सीरियलमध्ये, प्रॉम्प्टिंगला." तिनं मान हलवली, पण तिला काही कळलेलं दिसलं नाही. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं, "म्हणजे त्या टीव्हीत दिसायच्या?" मी नाही म्हटलं. दिसायची नाहीस आणि ऐकूही यायची नाहीस. मग करायची काय, हा प्रश्न त्याच्या तोंडावर आला, पण भल्या माणसानं तो गिळला.

काय सांगणार होते मी त्यांना? की तेलुगू सीरियलच्या हिरॉइनी बेंगळुरूहून, मुंबईहून येतात आणि त्यांना तेलुगूचं एक अक्षर येत नाही? की कॅमेऱ्याच्या खाली, अगदी त्याच्या पायांशी एक बाई सीन पेपर, म्हणजे संवादांचे कागद, घेऊन बसते, तुकड्या-तुकड्यानं वाक्य देते, आणि ती गोरीगोमटी मुलगी ते तसंच उचलून डोळ्यांत पाणी आणून म्हणते? नंतर स्टुडिओत तिसरीच कुणी येऊन आवाज भरते आणि खाली बसलेल्या बाईचा आवाज पुसून टाकतात. गावोगावच्या बाया ज्या वाक्यांवर पदर डोळ्यांना लावून रडल्या ती सगळी आधी तुझ्या तोंडातून गेलेली होती. हे सांगायला मला अर्धा तास लागला असता आणि तुझ्याकडच्या बायकांना रडायचं होतं. म्हणून पाणी पिऊन पेला परत दिला.

मी मुद्द्यावर येत नाहीये. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लाइन दे गं, बाई थांबलीय."

तर लाइन अशी : तुझं काम माझ्यामुळे गेलं. त्या दिवशी मी सेटवर आले नाही आणि नल्लकुंट्यात बंद आहे, रस्ते अडवलेत, असं कळवलं. बंद नव्हता. बस चालू होत्या, दुकानं उघडी होती, आमच्या खालचा इस्त्रीवाला सकाळपासून कपडे करत होता. तू मला कधी विचारलं नाहीस आणि मी तुला कधी सांगितलं नाही. आता तू गेल्यावर सांगतेय, म्हणजे काय बहादुरी केली म्हणायची.

पहिला दिवस आठवतो का? मणिकोंड्याकडचा तो भाड्याचा बंगला, ज्याच्या हॉलमध्ये वर्षभर एकाच घरातली माणसं एकमेकांचं वाटोळं करत होती. मी बावीस वर्षांची, बी. कॉम. झालेली, आणि मला टीव्हीत काम लागलं म्हणून अख्ख्या गल्लीला सांगून आलेली. आल्या आल्या मला दिलं काय, तर सीन पेपरचे गठ्ठे लावायचं काम. माझं तोंड उतरलं. तू वेताच्या मोड्यावर बसलेली होतीस, पांढऱ्या केसांची, कपाळावर मोठं कुंकू. माझं फोनवरचं मराठी ऐकून हाक मारलीस. "ए पोरी. कुठली गं तू?"

"नल्लकुंट्याची."

"ते राहायचं झालं. मूळची?"

"परभणीकडची. वडील रेल्वेत आहेत, काचीगुड्याला."

"आडनाव काय?"

मी मान ताठ करून सांगितलं, "पाईकराव." हा प्रश्न कशासाठी येतो हे मला शाळेपासून माहीत होतं आणि त्यानंतर माणसाचा चेहरा कसा बदलतो तेही. तुझा बदलला नाही. तू म्हणालीस, "मग वाचता चांगलं येत असंल. तुमच्यात लेकरांना शिकवतेत. आमच्यात शेत दाखवतेत." मला राग यावा की बरं वाटावं हे ठरवता येईना. तोवर तू माझ्या हातात सीन पेपर ठेवून म्हणालीस, "मोठ्यानं वाच. मी शिकवते."

त्या दिवसापासून रोज सकाळी मेकअप रूमच्या मागच्या ओसरीवर माझी शाळा भरायची. मराठी माध्यमात शिकलेली मी. माझं तेलुगू बाजारातलं, आणि वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर बोट लावून. तू डोळे मिटून बसायचीस. अडखळले की जिभेनं च्यक् करायचीस. एक सीन दोनदा वाचायला लावायचीस, कधी तीनदा. "घाई करू नकोस. तू श्वास घेतलास की मगच ती बाई घेईल." मी भाव घालून वाचायला लागले की खेकसायचीस, "रडू नको. आपण रडलो की ती आपलं रडणं उचलती, तिचं तिला येत नाही. कोरडं दे." यावर आपलं किती भांडण झालं. मी म्हणायचे, थोडा भाव दिला तर बिचारीला कळेल तरी काय बोलतेय ते. तू म्हणायचीस, कळून करायचं काय, तिला तिच्या आईची आठवण काढून रडू दे. हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी अजून थोडा भाव देते, अक्का. चोरून.

सहा महिन्यांत मी तेलुगू घडाघडा वाचायला लागले. वडील कौतुकानं शेजाऱ्यांना सांगायचे. मला वाटायचं, एवढ्या युनिटमध्ये अक्कानं मलाच निवडलं, माझ्यात काहीतरी दिसलं म्हणून. काचीगुडा स्टेशनसमोरून सकाळी सातला आपली व्हॅन निघायची. तेव्हा इथल्या राज्याची दोन राज्यं व्हायच्या बेतात होती आणि व्हॅनचे आधीच दोन तुकडे झाले होते. पुढच्या सीटवर वेगळं राज्य मागणारे इथले लाइटवाले, मागच्या सीटवर ते नको असलेले विजयवाड्याकडचे असिस्टंट, आणि घाट चढावा तसा दोघांचा आवाज चढत जायचा. मधल्या सीटवर आपण दोघी. एकदा कुणीतरी तुला विचारलं, "अक्का, तुम्ही कुणाच्या बाजूनं?" तू म्हणालीस, "मी पाच वर्षांची व्हते तवा आमचंबी राज्य असंच कापलं. बापाचं गाव कर्नाटकात गेलं, आईचं महाराष्ट्रात, आम्ही हितंच राहिलो. तुमचं तर दोनच तुकडे व्हायलेत." त्यावर दोन्ही बाजू हसल्या. एवढं एकमत त्या व्हॅनमध्ये पुन्हा झालं नाही.

मग ते पेपर. सीरियलमध्ये दोन भावांच्या वाटणीचा मोठा भाग चालू झाला होता. एके दिवशी मी घाईत तुझ्या हातात आदल्या दिवशीचे पेपर दिले. तू बसलीस कॅमेऱ्याखाली, सीन दिलास, जिथं पान उलटायचं तिथं उलटलंस, एक शब्द चुकला नाही. संध्याकाळी फाइल लावताना मी तुझ्याकडचे पेपर घेतले आणि बघतच राहिले. त्यात तो सीन नव्हताच. तू कालचा कागद समोर धरून आजचं बोलली होतीस.

पाण्याच्या टाकीमागं मी तुला गाठलं. "अक्का, तुला दिसत नाही?"

"दिसतं की. तू दिसलालीस. बस दिसती. बसवरचा नंबर दिसत नाही, तो इचारते कुणाला बी."

"आणि अक्षर?"

"अक्षर दोन वर्षं झाली, नाही. शुगर डोळ्यात उतरली."

"म्हणजे तू मला शिकवत नव्हतीस. मी तुला वाचून दाखवत होते."

"शिकलीस का नाही?"

"मला का घेतलंस?"

तू दमली होतीस. दिवसभर जमिनीवर बसून तुझे गुडघे दुखत होते, आणि मी अशी पोलिसासारखी उभी. म्हणून तुझ्या तोंडून गेलं असेल. "खरं सांगू का? तुला वाचता येत व्हतं म्हणून. अन् तू आपल्यातली, मराठी, कुणापाशी बोलणार न्हाईस म्हणून. तुला काय वाटलं, तुझ्यात लई काय दिसलं मला?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आज मला कळतं की माझ्यावर तू तुझा सगळा भरवसा टाकला होतास आणि तो सांगायची तुझी रीत तेवढी वाईट होती. पण त्या वयात माणसाला चष्मा व्हायचं नसतं. परतीच्या व्हॅनमध्ये मी तुझ्या शेजारी बसले नाही, पुढं लाइटवाल्यांत जाऊन बसले. काचीगुड्याला उतरताना तू पायरी चाचपत होतीस ते मला दिसलं. मी हात दिला नाही. चला, उद्या बघू म्हटलं मनात. उद्या मी नसले की कळेल बाईला.

त्या वर्षांत बंद म्हणजे सगळ्यात सोयीचं कारण होतं. लग्नाला जायचं नसलं की बंद, कचेरीत उशीर झाला की बंद. त्यात नल्लकुंटा युनिव्हर्सिटीच्या जवळ, तिथं पोरं केव्हा रस्त्यावर येतील याचा नेम नसायचा. सकाळी मी मॅनेजरला फोनवर लिहून पाठवलं, 'आमच्याकडे रस्ते बंद.' आणि चादर ओढून घेतली.

पुढचं मला जयम्मानं सांगितलं, मेकअपवाल्या जयम्मानं. वाटणीचा त्या दिवशीचा सीन मी तुला आदल्या दिवशी वाचून दिला होता, म्हणजे तसं तुझं निभावलं असतं. पण राज्याची वाटणी तोंडावर आलेली, घराच्या वाटणीवरून कुणी भडकेल म्हणून चॅनलला धडकी भरली आणि ऐन वेळी हातानं लिहिलेली नवी पानं आली. तू ती हातात घेतलीस. जयम्माला म्हणालीस, चष्मा घरी राहिला, जरा वाच. जयम्माला वाचता येत नाही, हे तुला माहीत नव्हतं, तिनंही ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. मग तू कॅमेऱ्याखाली जाऊन बसलीस आणि जुना सीन दिलास. पाठ होता तो, अथपासून इतिपर्यंत. हिरॉइन सुरेख रडली. मॉनिटरवरून डायरेक्टर ओरडत आला, "अम्मा, हातात काय आहे? वाचा. ते वाचा!" सगळे थांबले. जयम्मा म्हणते, तू उठलीस, गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठलीस, कागदाची नीट घडी केलीस, त्याच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "कनपडदु, बाबू." दिसत नाही. बस. ना रडलीस, ना कुणाला काही मागितलंस. चप्पल शोधायला तेवढा वेळ लागला, म्हणाली. बाहेर ढीगभर चपला होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर डायरेक्टर म्हणाला, "तुला वाचता येतं ना? बस." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी मी तुझ्या जागी बसले. कुणीतरी दगडफेकीची चौकशी केली. मला कळेना कसली. जयम्मा म्हणाली, "अक्कानं सांगितलं ना काल सगळ्यांना. 'नल्लकुंट्यात मी डोळ्यांनी बघून आले, दगडफेक चाललीय, पोलीस उभे आहेत, त्या पोरीला कुणी बोलू नका,' म्हणाली. अक्का कशाला गेली होती तुमच्याकडं?" मी म्हटलं, "अक्काला मीठमिरची लावायची सवय आहे." असं म्हणाले मी, तुझ्या जागेवर बसून.

संध्याकाळी तुझ्याकडे आले. दोन बस बदलताना मनात शंभर वेळा घोकलं, आल्या आल्या सांगायचं. तू दार उघडलंस आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "बंद व्हता ना तिकडं. तू तरी काय करणार." मग विचारलंस, "आज कोणता सीन झाला?" मी सांगितला. "उद्याचा आणलास?" आणला होता. मी वाचायला बसले. तू डोळे मिटलेस आणि च्यक् करायला लागलीस.

पुढं कित्येक वर्षं दर रविवारी हेच केलं मी. माफी मागायची हिंमत नव्हती, वाचायला तेवढं येत होतं. मला वाचायची गरज राहिली नव्हती आणि तुला ऐकायची. तरी तू चुका काढायचीस. नंतर लग्न झालं, मुलगी झाली, रविवारचं महिन्यावर गेलं, महिन्याचं सणावर. पण दुपारी सीरियल संपली की फोन यायचा. "आज डबिंगवाली बोलताना पळत व्हती. म्हणजे तूच पळवलंस बाईला. कुठं जायचं व्हतं गं तुला एवढं?" मी वैतागायचे. आता कुणी मला असं म्हणत नाही. असोसिएट डायरेक्टर झालेय मी, मॅडमला कोण म्हणणार? अक्का, मला जे काही येतं ना, ते कुठल्याही इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत नाहीत. वाक्य कुठं तोडायचं, समोरच्याला कधी वेळ द्यायचा, आपण केव्हा गप्प व्हायचं. हे सगळं तू मला शिकवत नसताना शिकवलंस. मी ऋणी आहे, असं लिहिलं तर तू हसशील. पण आहे.

गेल्या महिन्यात आले तेव्हा तुला चेहरेही दिसत नव्हते. हात चाचपून म्हणालीस, "बांगड्या बदलल्यास." मी धीर केला. "अक्का, तो दिवस आठवतो का, मी आले नव्हते तो..." तू म्हणालीस, "किती दिवस झाले गं त्याला. कशाला आता. सीन आणलास का?" नव्हता आणला. फोनवर होता, तो वाचला. दोनच पानं वाचून झाली आणि तुला झोप लागली. मी पुन्हा येईन, तेव्हा सांगेन, असं ठरवून निघाले. आणखी एखादा रविवार मिळेल असं धरूनच चालले होते मी.

परवा तुझ्याकडून मी सरळ नल्लकुंट्याला आईकडे गेले. आंघोळ करून बसले. आईनं चहा दिला आणि समोर बसली. मग म्हणाली, "आता ती गेली, आता सांगते. तू कामाला गेली नव्हतीस बघ एक दिवस, रुसून. त्या दिवशी ती आली व्हती हितं."

मी कप खाली ठेवला.

"सकाळचे सहा वाजले असतील. जिना चाचपत चाचपत वर आली. तू चादर घेऊन पडलेली. मी म्हणलं उठवते, तर म्हणली, 'उठवू नका ताई. राग आलाय तिला माझा, येऊ द्या. वंगाळच बोलले मी.' च्याबी घेतला न्हाई. मीच खाली नेलं हात धरून अन् काचीगुड्याच्या बशीत बसवलं. पोरीला सांगू नका म्हणली, लाज वाटंल तिला, मग बोलायची न्हाई माझ्याशी. शब्द घेतला माझ्याकडून."

मी रडायला लागले. आई पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, मला हे आज कळलं म्हणून रडतेय.

आमचं ते घर एका खोलीचं, अक्का. मध्ये पडदासुद्धा नव्हता. दारात तू "ताई" म्हणालीस तिथंच तुझा आवाज ओळखला मी. तू उठवू नका म्हणालीस आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं, सुटल्यासारखं. वंगाळच बोलले मी, तेही ऐकलं. तू जिना उतरत होतीस, एकेका पायरीवर थांबत, आणि आई म्हणत होती, सांभाळून, अजून एक आहे. उठून दारापर्यंत यायला चार पावलं होती. त्या चार पावलांत तुझं काम वाचलं असतं. आई म्हणते मी झोपले होते, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. मी जागी होते, अक्का. जागी होते आणि उठले नाही.